असत्यावर पोसलेले झाड : फ्रान्सेस हार्डिंग यांच्या ‘द लाय ट्री’चे एक वाचन

रहस्यकथेने वाचकाशी केलेला करार मूलतः विवेकवादी असतो. गुन्हा या जगात घडला आहे, त्याच्या खुणा या जगातच विखुरलेल्या आहेत आणि त्या जुळवण्यासाठी बुद्धीखेरीज दुसरे साधन लागणार नाही, हे आश्वासन त्या करारात गृहीत असते. कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या प्रकारासाठी जे दहा नियम सांगितले, त्यांत अतिमानुष शक्तींना दुसऱ्याच नियमाने मज्जाव केला होता. नियमांचा सूर काहीसा थट्टेचा असला तरी या मनाईमागचे कारण गंभीर आहे. खुन्याचे नाव आकाशवाणीने कळणार असेल तर तपासाला आणि पर्यायाने वाचनाला प्रयोजन उरत नाही. अद्भुतकथेचा करार नेमका याच्या उलट असतो. तेथे जगाचे नियम लवचीक असतात आणि वाचकाने ते वाकताना पाहावेत अशी अपेक्षा असते. हे दोन्ही करार एकाच संहितेत पाळायचे म्हटले तर त्यांपैकी एक मोडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. किशोरांसाठी लिहिल्या गेलेल्या ‘गूढ’, ‘काळोख्या’ अद्भुत रहस्यकादंबऱ्यांत बहुधा रहस्याचा बळी जातो आणि शेवटच्या प्रकरणात एखादा मंत्र सारे उलगडून टाकतो.

इंग्रज लेखिका फ्रान्सेस हार्डिंग यांची ‘द लाय ट्री’ (२०१५) ही कादंबरी या अनुभवाला छेद देते, आणि म्हणून तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने तिचा विचार करणे आवश्यक ठरते. तिला त्या वर्षीचा कोस्टा पुरस्कार बालसाहित्याच्या विभागात तर मिळालाच, शिवाय सर्व विभागांतून निवडला जाणारा वर्षातील सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा मानही मिळाला. पूर्वी ‘व्हिटब्रेड’ या नावाने दिला जाणारा आणि २०२२ मध्ये बंद झालेला हा पुरस्कार त्याआधी एकाच बालसाहित्यकृतीला अशा रीतीने लाभला होता. ती कृती म्हणजे फिलिप पुलमन यांची ‘द ॲम्बर स्पायग्लास’. दोन्ही कृतींच्या केंद्रस्थानी ज्ञानवृक्षाच्या बायबलमधील कथेचे पुनर्लेखन आहे, ही बाब केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे. पुलमन यांना ज्ञानाचे पाप हे पापच वाटत नाही. हार्डिंग यांची भूमिका अधिक सावध आणि अधिक अस्वस्थ करणारी आहे.

कथानकाचा काळ डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरचा आहे. रेव्हरंड इरॅस्मस संडरली हे धर्मोपदेशक आणि निसर्गशास्त्रज्ञ. पंख असलेल्या मानवाचा जीवाश्म आपल्याला सापडला, असे जाहीर करून त्यांनी कीर्ती मिळवलेली असते. बायबलमधील ‘नेफिलिम’ या महाकाय वंशाचा जणू प्रत्यक्ष पुरावाच मिळाला म्हणून श्रद्धाळू जगाला दिलासा मिळालेला असतो. तो जीवाश्म बनावट असल्याचा गवगवा होतो आणि संडरली कुटुंब व्हेन नावाच्या काल्पनिक बेटावर, तेथील उत्खननाचे निमित्त पुढे करून, जवळजवळ पळूनच येते. बेटावरही बदनामी पाठोपाठ पोहोचते. एका रात्री रेव्हरंड आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला, फेथला, सोबत घेऊन होडीतून समुद्रगुहेत जातात आणि तेथे एक रोप लपवतात. सकाळी त्यांचा मृतदेह सापडतो. लोक आत्महत्या म्हणतात, कुटुंब अपघात म्हणते. फेथ एकटीच खून म्हणते.

हे रोप म्हणजेच असत्यवृक्ष. तो अंधारात वाढतो, उजेडात जळतो. त्याच्या कानाशी कुजबुजत असत्य सांगायचे आणि मग ते जगात पसरवायचे. असत्य जितके मोठे आणि त्यावर विश्वास ठेवणारे लोक जितके अधिक, तितके फळ मोठे. ते फळ खाणाऱ्याला दडलेले एखादे सत्य दृश्यरूपाने दिसते. या यंत्रणेची बांधणी बारकाईने पाहिली तर हार्डिंग यांनी वर उल्लेखिलेला पेच कसा सोडवला आहे ते ध्यानात येते. अद्भुताला त्यांनी मज्जाव केलेला नाही, त्याच्यावर जबर किंमत लावली आहे. फेथला बापाच्या खुन्याचे नाव हवे असेल तर तिने बेटावर असत्य पसरवले पाहिजे. ती वडिलांचे भूत हिंडत असल्याची अफवा उठवते, घरात त्याच्या खुणा पेरते. पुढे ती उत्खननात गुप्त खजिना असल्याची हाकाटी करते. परिणामी ज्या समाजात पुरावे शोधायचे तो समाजच ती स्वहस्ते गढूळ करीत जाते.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेत दोन कथा असतात असे प्रतिपादन केले आहे. एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली असते, आणि दुसरी तपासाची, जिच्यात फारसे काही घडत नाही, केवळ कळत जाते. अभिजात रहस्यकथेतील शोधक या दुसऱ्या कथेत सुरक्षित असतो आणि जगाला स्पर्श न करता ते वाचत असतो. ‘द लाय ट्री’मध्ये तपासाची कथाच दुसऱ्या गुन्ह्याची कथा होऊन बसते. फेथला जसजसे अधिक कळत जाते तसतसे बेटाला कमी कळत जाते. तिचे ज्ञान आणि समाजाचे अज्ञान एकाच दराने वाढतात. त्याची झळ निरपराधांना बसते. पोस्टाचे काम पाहणारी मिस हंटर ही त्यांपैकी एक, आणि तिच्याविषयी फेथने स्वतः बांधलेले तर्कही पुढे चुकीचे ठरतात. किशोरवयीन नायिकेच्या हातून असे घडू देणे आणि तरीही तिच्या विषयी वाचकाच्या मनातील जिव्हाळा टिकवणे, ही या कादंबरीची सर्वांत कठीण कामगिरी होय. मराठी कुमारवाचकांच्या पिढ्या ज्या ‘फास्टर फेणे’वर वाढल्या तो भा. रा. भागवतांचा बनेश धाडसी आहे, उचापती आहे, परंतु त्याच्या शोधामुळे कोणाचे घर उद्ध्वस्त होत नाही. शोधक मूल निर्मळ असते हा संकेत तेथे अबाधित राहतो. हार्डिंग यांनी तोच संकेत मोडला आहे.

मात्र या कादंबरीतील सर्वांत गंभीर विरोधाभास फेथचा नसून तिच्या पित्याचा आहे. रेव्हरंडांनी जीवाश्मांची बनवाबनवी लोभापोटी केलेली नाही. डार्विनोत्तर संशयाने ते पोखरले गेले आहेत. मानवाची उत्पत्ती ईश्वराने केली की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे आहे. एवढे मोठे सत्य हवे तर तेवढेच मोठे असत्य, शक्य तितक्या लोकांनी मानलेले, झाडाला घालावे लागेल. म्हणून ते साऱ्या जगाला खोटी श्रद्धा देतात, स्वतःला खरी श्रद्धा परत मिळावी यासाठी. या योजनेतील भीषणता ही की ती आतून पाहिली तर तर्कशुद्ध आहे.

या व्यक्तिरेखेमागे एक खरा वैचारिक इतिहास उभा आहे. डार्विनच्या ग्रंथापूर्वी दोन वर्षे, १८५७ मध्ये, फिलिप हेन्री गॉस या सागरी जीवांच्या नामांकित अभ्यासकाने ‘ओम्फॅलॉस’ हा ग्रंथ लिहिला. सृष्टी निर्माण होतानाच ती जुनी भासावी अशी निर्माण झाली, खडकांतील जीवाश्मही त्या मूळ निर्मितीचाच भाग आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता. श्रद्धा वाचवण्यासाठी केलेला हा खटाटोप श्रद्धावंतांनाही पटला नाही. हे मान्य केले तर ईश्वरानेच खडकांवर असत्य कोरून ठेवले असे म्हणावे लागेल, अशा आशयाचा आक्षेप चार्ल्स किंग्जली यांनी घेतला. गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्या घरातील घुसमट लिहून ठेवली आहे. हार्डिंग यांनी हा धागा जाणीवपूर्वक उचलला आहे की नाही हा प्रश्न गौण आहे. त्या घरातला मुलगा लिहू शकला. तशाच घरातली मुलगी काय करू शकली असती, हा प्रश्न कादंबरी विचारते, आणि तुलनेचे खरे स्थळ तेथे आहे. इरॅस्मस हे नाव डार्विनच्या आजोबांचेही होते, आणि उत्क्रांतीची कल्पना त्यांनी नातवाच्या कितीतरी आधी मांडली होती, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

भारतीय वाचकाला या ठिकाणी द्रोणपर्वाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीचे अर्धसत्य उच्चारताच जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ भूमीला टेकतो. असत्याचा परिणाम तेथेही दृश्य, शारीर आहे. परंतु दोन नीतिव्यवस्थांतील अंतर मोठे आहे. महाभारतात असत्याने विजय मिळतो आणि वक्त्याची उंची कमी होते, ज्ञान मात्र मिळत नाही. हार्डिंग यांच्या झाडाखाली असत्याची परतफेड ज्ञानाने होते, आणि उंची कमी झाल्याचे बोलणाऱ्याला बराच काळ जाणवतही नाही. युधिष्ठिराचा रथ सर्वांसमक्ष खाली येतो. रेव्हरंडांची अधोगती बंद अभ्यासिकेत होते, आणि तिची साक्षीदार फक्त किल्लीच्या भोकाला डोळा लावणारी मुलगी असू शकते.

झाड खरोखर अद्भुत आहे काय, हा प्रश्न कादंबरी अखेरपर्यंत पूर्णपणे मिटवत नाही. फळ खाल्ल्यावर फेथला जे दिसते ते स्वप्नासारखे, प्रतीकांनी गजबजलेले आणि अर्थासाठी तिच्याच बुद्धीवर विसंबून असणारे असते. निर्णायक धागेदोरे तिला इतर मार्गांनी मिळतात. एकचाकी गाडीच्या चाकोऱ्या, वडिलांच्या रोजनिशीतील नोंदी, मोठ्यांच्या बोलण्यातील विसंगती यांतून ते येतात. मोठी माणसे तिच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, कारण मुलगी ऐकत असेल असे त्यांना वाटतच नाही. म्हणजे फळ हे केवळ गुंगी आणणारे द्रव्य असून मनाने आधीच जुळवलेले तर्क ते दृश्यरूपात समोर मांडते, असाही अर्थ लावता येतो. नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक अशा दोन स्पष्टीकरणांमधील वाचकाची द्विधा मनःस्थिती हे तोदोरोव्ह यांनी अद्भुताचे लक्षण मानले होते. ती द्विधा येथे कथेच्या सोयीसाठी आलेली नाही. झाड खोटे असेल तर रेव्हरंडांनी आपली कीर्ती, कुटुंब आणि प्राण एका गुंगीसाठी गमावले असे होते. ते खरे असेल तर सृष्टीच असत्यावर सत्य पिकवते असे होते. दोहोंपैकी कोणताही पर्याय श्रद्धाळू माणसाला दिलासा देणारा नाही.

झाडाचे आकर्षण एवढे मोठे आहे की कादंबरीतील लहान असत्यांकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. वस्तुतः कादंबरीची खरी घनता त्यांच्यात आहे. धाकटा हॉवर्ड डावखुरा आहे. त्याने उजव्या हाताने लिहावे म्हणून डावा हात अडकवून ठेवणारे जाकीट त्याला घालतात. धर्मोपदेशकाचा सहायक क्ले छायाचित्रकारही आहे. मृतांना जिवंतासारखे बसवून काढलेली छायाचित्रे हा त्या काळातील शोकाचा मान्य प्रकार, आणि त्याचा मुलगा पॉल या कामात हाताशी असतो. डॉ. जॅकलर्स कवट्या मोजतात आणि स्त्रीचा मेंदू लहान असल्याचा निर्वाळा देतात. हे असत्य विज्ञानाच्या भाषेत बोलते, म्हणून त्यावर कुजबुजण्याची गरज पडत नाही. शिष्टाचार, शोक आणि शास्त्र ही तिन्ही ज्या समाजात संमत असत्यांवर उभी आहेत, तेथे फेथची अफवा हा अपवाद उरत नाही. तिला हे कसब घरातच मिळालेले आहे.

याच संदर्भात फेथची आई, मर्टल, हिच्या व्यक्तिरेखेतील कलाटणी महत्त्वाची आहे. पूर्वार्धात ती नवऱ्याच्या मृत्यूनंतरही पुरुषांशी लाडिक बोलणारी, पोशाखांत रमलेली उथळ बाई वाटते, कारण निवेदन फेथच्या दृष्टीला चिकटून चालते आणि फेथ पित्याच्या प्रेमात आहे. मृतदेह सापडलेल्या जागेविषयीचा खोटेपणा मर्टलचाच होता, हे पुढे उघड होते. त्यामागे थंड डोक्याने केलेला हिशेब होता. आत्महत्या ठरली तर ख्रिस्ती दफन नाकारले जाईल आणि मालमत्ताही जाईल. इंग्लंडमध्ये आत्महत्या करणाऱ्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद १८७० च्या कायद्याने रद्द झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे मर्टलच्या भीतीला त्या दशकात किती ठोस आधार होता ते समजते. लाडिकपणा हे तिच्यापाशी उरलेले एकमेव शस्त्र होते. वाचक आणि फेथ यांची चूक एकाच वेळी दुरुस्त होते, आणि रहस्याची उकल व मुलीचे वयात येणे या दोन गोष्टी येथे एकरूप होतात. ‘खुनी कोण’ यापेक्षा ‘आई कोण’ हे या कादंबरीतील अधिक मोठे रहस्य आहे.

खुनामागची व्यक्ती ॲगाथा लँबेंट ही मॅजिस्ट्रेटची आजारी, घरात बसून राहणारी पत्नी निघते. तिचे आजारपण हेही एक असत्यच. ती स्वतः निसर्गशास्त्रज्ञ आहे. पतीच्या नावाच्या आडोशानेच तिला या जगात वावरता आले. तिचा पहिला पती हेक्टर विंटरबोर्न झाडाच्या शोधात चीनमध्ये गेला आणि तेथील तुरुंगात मरण पावला. त्या मृत्यूस रेव्हरंड संडरली जबाबदार होते. फेथला तिच्यात आपलेच प्रौढ रूप दिसते. बुद्धी आहे, भूक आहे आणि दोहोंना सन्मानाची वाट नाही. लाइम रेजिसची मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) जीवाश्म शोधत राहिली आणि ते विकत घेणारे पुरुष त्यांवर निबंध वाचत राहिले. तिला भूगर्भशास्त्रीय संस्थेचे सदस्यत्व मिळणे शक्यच नव्हते. ॲगाथाच्या कटुतेला हा इतिहास पुरेसा पाठिंबा देतो. दुर्दैवाने कादंबरीचा उत्तरार्ध या व्यक्तिरेखेला आवश्यक तेवढा अवकाश देत नाही. उलगड्यानंतर आग, पाठलाग आणि झटापट यांची अशी गर्दी होते की दोन बुद्धिमान स्त्रियांमधला जो संवाद वाचकाला हवा असतो तो धावपळीत उरकला जातो. बेटावरील सामान्य माणसेही अफवांवर विश्वास ठेवण्यापुरतीच उपस्थित आहेत.

याहून गंभीर मर्यादा झाडाच्या मूळ भूमीविषयी आहे. असत्यवृक्ष चीनमधून आणलेला आहे. तो तेथे कसा वाढला, त्याच्याविषयी तेथील लोक काय जाणत होते, हे वाचकाला कळत नाही. कथेचा काळ दुसऱ्या अफूच्या युद्धानंतर (१८५६–६०) अगदी लगतचा आहे. यापूर्वी काही वर्षे रॉबर्ट फॉर्च्यून याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी पोशाखात, वेषांतर करून, चहाची रोपे चीनमधून बाहेर काढली होती आणि ती भारतात हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या मळ्यांत पोहोचवली होती. वनस्पतींचा शोध आणि फसवणूक यांचे नाते त्या काळात काल्पनिक नव्हते, आणि भारतीय वाचकाच्या रोजच्या कपात ते आजही आहे. असत्यावर वाढणाऱ्या झाडाची कथा सांगताना हे झाड मुळातच एका मोठ्या असत्याच्या बळावर इंग्लंडला पोहोचले असेल, ही शक्यता हार्डिंग यांच्या हाताशी होती. त्यांनी ती घेतली नाही. पूर्वेकडून आलेली विषारी, मोहक वनस्पती हा व्हिक्टोरियन साहसकथेचा जुना संकेत त्यांनी तसाच स्वीकारला. इंग्लिश घरातील प्रत्येक सभ्य असत्याचा बुरखा फाडणारी ही कादंबरी साम्राज्याच्या असत्यापाशी मात्र थबकते. कृती किशोरांसाठी आहे म्हणून ही अपेक्षा गैरलागू ठरत नाही. ज्या लेखिकेने लिंगभावाचे राजकारण चौदा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून इतक्या बारकाईने मांडले, तिला हेही साधले असते.

कादंबरी मराठीत आणायची झाल्यास भाषांतरकारासमोर उभे राहणारे प्रश्नही अर्थाच्या गाभ्याशी भिडणारे आहेत. नायिकेचे नाव अर्थपूर्ण आहे. मराठीत ‘श्रद्धा’ हे मुलीचे नाव आहे आणि ‘विश्वास’ हे मुलाचे. मूळ नावात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि कादंबरी तर पित्याची हरवलेली श्रद्धा आणि लोकांचा सहज मिळणारा विश्वास यांच्यामध्येच घडते. शीर्षकासाठी ‘असत्यवृक्ष’ हा संस्कृतप्रचुर शब्द ज्ञानवृक्षाशी नाते जोडतो खरा, परंतु फेथ झाडाच्या कानाशी जे सांगते ते ‘असत्य’ नव्हे. तिच्या वयाच्या मुलीच्या तोंडी थाप, वावडी, कंडी हे शब्द येतील. ‘खोटे’ या शब्दात नाण्याचा आणि बोलण्याचा असा दोन्ही प्रकारचा खोटेपणा मावतो, त्यामुळे बनावट जीवाश्म आणि पसरवलेली अफवा यांना तो एका सूत्रात ओवू शकतो. याहूनही मार्मिक बाब अशी की मराठीत कंडी ‘पिकते’. अफवेला फळ धरते, ही कल्पना हार्डिंग यांना जुळवावी लागली. मराठी बोलणारा माणूस ती न कळत रोज उच्चारतो.